परदेशी फौज गेल्यावर शांतता टिकते का, हे स्वतः तपासायचं कसं

साताऱ्यात राजवाड्याच्या जवळ आमची एक छोटी अभ्यासिका आहे, तिथं दर शनिवारी संध्याकाळी पुस्तकं बाजूला ठेवून आम्ही एखाद्या विषयावर बोलतो. एमपीएससी-यूपीएससी करणारी पोरंपोरी असतात, काही कॉलेजची वादविवाद स्पर्धेला जाणारी असतात. मागच्या महिन्यात विषय होता की बाहेरच्या देशाने सैन्य पाठवून कुठं कायमची शांतता येते का, आणि दहा मिनिटात खोलीत दोन गट पडले. एक गट म्हणतोय इराक बघा, लिबिया बघा, जिथं गेले तिथं वाटोळं केलं. दुसरा म्हणतोय मग रवांडात कोण गेलं नाही, तिथं काय झालं ते पण बघा. खरं दोघांचंही होतं पण पुढं कुणालाच जाता येईना, कारण नुसती देशांची नावं एकमेकांच्या अंगावर फेकणं चाललं होतं.

त्या रात्री बसून मी पोरांसाठी एक पद्धत लिहून काढली, तीच इथं देतोय. निबंधाला, मुलाखतीला, स्पर्धेला उपयोग होईलच, पण मी हे मार्कांसाठी लिहीत नाहीये. माझे आण्णा मराठा पलटणीत होते आणि १९८७ ला शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले होते. आमच्या घरात या प्रश्नावर तीस-पस्तीस वर्षं कुणी मोठ्याने बोललं नाही, आणि आपल्या जिल्ह्यात अशी घरं भरपूर आहेत. सैन्य कुठं पाठवायचं हे आपण कट्ट्यावर बसून सहज बोलून जातो म्हणून वाटलं की निदान नीट विचार करून तरी बोलावं.

लागणार काय, तर एक वही, मोबाईलवर नकाशा, आणि एका देशामागे साधारण दोन तास. एका वेळी एकच देश घ्या, चार घेतले की सगळ्याची खिचडी होते.

कामगिरी काय होती ते आधी लिहा

बहुतेक चर्चा इथंच घसरते. हस्तक्षेप हा एकच शब्द आपण चार-पाच वेगळ्या कामांना वापरतो. त्यामुळं वहीत पहिली ओळ ही लिहायची की फौज नेमकं काय करायला गेली होती. चालू असलेली कत्तल थांबवायला, का दोन लढणाऱ्यांच्या मधे उभं राहायला, का एखादं सरकार वाचवायला, का ते पाडायला, आणि पाडल्यावर नवीन राज्य बांधून द्यायला?

मालदीव बघा. ३ नोव्हेंबर १९८८ ला भाडोत्री बंदूकवाल्यांनी माले शहरात घुसून सत्ता उलथवायचा प्रयत्न केला, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी भारताकडे मदत मागितली, त्याच रात्री आग्र्याहून आपले पॅराचे जवान विमानाने हुलहुले बेटावर उतरले आणि काही तासात माले मोकळं झालं. का जमलं? कारण काम छोटं होतं आणि तिथलं सरकार, पोलिस, कचेऱ्या, बाजार सगळं आधीपासून उभं होतं, त्यावर आलेलं संकट तेवढं बाजूला करायचं होतं.

आता अफगाणिस्तान. ऑक्टोबर २००१ ला अमेरिका गेली ती अल कायदाच्या मागे, तालिबान दोन महिन्यात सत्तेवरून गेले, आणि मग काम बदलत गेलं. आधी अतिरेकी पकडायचे, मग तालिबानशी लढायचं, मग सैन्य उभं करायचं, पोलिस, कोर्ट, शाळा, रस्ते, निवडणुका, सगळंच. हे होता होता वीस वर्षं गेली आणि नुसत्या पुनर्बांधणीवर अमेरिकेचे सुमारे १४५ अब्ज डॉलर खर्च झाले, लढाईचा खर्च वेगळाच. म्हणून वहीत कामगिरी दोनदा लिहायची, एकदा पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं ती आणि एकदा पाच वर्षांनी काय चाललं होतं ती. दोन्हीत फरक पडला असेल तर तिथं लाल पेनाने खूण करा, पुढचं बरंचसं उत्तर त्या खुणेत असतं.

बोलावलं कुणी, आणि कागदावर सही कुणाची

यासाठी आपल्याला लांब जायची गरज नाही. ऑक्टोबर १८०२ मधे हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला, बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने इंग्रजांशी तह केला. निदान सहा हजार पायदळाची तैनाती फौज कायमची ठेवून घ्यायची आणि तिच्या खर्चाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. मे १८०३ मधे इंग्रजी फौजेने त्याला पुण्यात परत गादीवर बसवलं. कागदावर बघितलं तर सगळं रीतसर आहे, राज्याच्या पेशव्याने स्वतः बोलावलंय. पण शिंदे, भोसले, होळकर यापैकी कुणाचीही त्या कागदाला संमती नव्हती, आणि त्याच वर्षी युद्ध पेटलं.

पुढचा भाग तर आपल्या साताऱ्याचाच आहे. १८१८ ला पेशवाई संपवताना इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, म्हणजे आम्ही तुमचं राज्य तुम्हाला परत देतोय असं सांगून. १८१९ चा तह झाला, शेजारी रेसिडेंट, म्हणजे लक्ष ठेवणारा इंग्रज अधिकारी, बसला. महाराजांनी कारभार चांगला केला, शाळा काढल्या, रस्ते, पाणी यात लक्ष घातलं, पण स्वतःच्या तंत्राने चालायला लागल्यावर १८३९ ला त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. महाराजांचे वकील रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं भांडत राहिले, काही झालं नाही. १८४८ ला वारस नाही म्हणून राज्यच खालसा केलं. साताऱ्यात चार भिंती नावाच्या ठिकाणी फिरायला जाणाऱ्यांनी रंगो बापूजींचं स्मारक रोज बघितलेलं असतं. बाहेरच्या फौजेने दिलेली सत्ता ती फौज परत पण घेऊ शकते, हे त्या माणसाला आपल्या सगळ्यांच्या आधी कळलेलं होतं.

तर कृती काय करायची: वहीत दोन रकाने आखा. एका रकान्यात करारावर ज्यांनी सही केली ती नावं, दुसऱ्यात ज्यांच्या हातात बंदुका होत्या ती नावं. दोन्हीकडे तीच नावं आली तर आशा आहे. नाही आली तर थांबून बघा की कोण सुटलंय, पुढचं युद्ध बहुतेक वेळा तोच करतो.

डिसेंबर २००१ ला जर्मनीत बॉन इथं अफगाणिस्तानचं नवीन सरकार ठरवायची बैठक झाली, तालिबान तिथं नव्हते. फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिकेने तालिबानबरोबर करार केला, त्यात काबूलचं सरकार नव्हतं. पहिल्या वेळी हरलेल्याला बाहेर ठेवलं आणि दुसऱ्या वेळी ज्याच्यासाठी वीस वर्षं लढले त्यालाच बाहेर ठेवलं. आपल्याकडे भावकीत बांधाचा तंटा असेल आणि एकाच भावाला बोलावून मोजणी केली तर ती मोजणी टिकते का हो? दुसरा भाऊ रात्री जाऊन दगड हलवणारच.

आण्णांचं जाफना

हा भाग लांबणार आहे, पण मला हे जवळून माहीत आहे आणि पद्धत कशी वापरायची ते यावरूनच नीट कळेल.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ भागाला प्रांतिक परिषद मिळणार, अतिरेकी संघटना हत्यारं खाली ठेवणार, लंकेचं सैन्य बराकीत जाणार आणि हे सगळं नीट होतंय का ते बघायला भारताची शांतिसेना जाणार. कामगिरी लिहा: मधे उभं राहणं. सह्यांचा रकाना लिहा: भारत आणि श्रीलंका. बंदुकांचा रकाना: श्रीलंकेचं सैन्य आणि लिट्टे, म्हणजे प्रभाकरनची तमिळ अतिरेकी संघटना. लिट्टेची सही नाही. प्रभाकरनने नाईलाजाने मान्य केल्यासारखं दाखवलं, थोडी हत्यारं जमा केली आणि बाकीची ठेवून घेतली. सिंहली बाजूला पण राग एवढा होता की कराराच्या दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना राजीव गांधींवर एका लंकन नौसैनिकाने बंदुकीच्या दस्त्याने वार केला.

आण्णा सांगतात, "आमी गेलो तवा लोकं हार घालत हुती. शाळेतली पोरं हात हलवायची. आमास्नी वाटलं दोनचार म्हैन्यात गणपतीला न्हाय तर दिवाळीला घरी."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंकेच्या नौदलाने लिट्टेची १७ माणसं पकडली, त्यांना कोलंबोला न्यायचं ठरलं, आणि त्यातल्या १२ जणांनी सायनाईड खाऊन जीव दिला. चार-पाच दिवसात शांतिसेना आणि लिट्टे यांच्यात लढाई सुरू झाली. म्हणजे मधे उभं राहायला गेलेली फौज तीन महिन्याच्या आत एका बाजूशी लढत होती. लाल पेनाची खूण इथं. जाफना शहर घ्यायला दोन आठवड्यांपेक्षा जास्त लागले, गल्लीबोळात सुरुंग, घराघरातून गोळी, आणि समोरचा नागरिक कोण लढणारा कोण हे ओळखता येत नाही. त्यात तिथल्या सामान्य लोकांचेही जीव गेले, हे आपण मोकळेपणाने लिहायला पाहिजे, आपलं सैन्य होतं म्हणून तो रकाना रिकामा ठेवायचा नाही. पोरांना मी हे दोनदा सांगितलं.

मग १९८८ च्या शेवटी तिथं प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, त्यांनी १९८९ मधे शांतिसेनेला परत जायला सांगितलं, आणि त्यांच्याच सरकारकडून लिट्टेला शांतिसेनेविरुद्ध लढायला हत्यारं गेली. ज्या सरकारने बोलावलं त्याच्या पुढच्या सरकारने हे केलं. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली. आपले जवळजवळ १,२०० जवान कामी आले होते. ईशान्य प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमल यांनी पण तोपर्यंत देश सोडला, भारताच्या पाठिंब्याने उभं केलेलं ते प्रांतिक सरकार फौजेच्या मागोमाग कोसळलं. पुढं १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला लिट्टेने राजीव गांधींची हत्या केली, आणि लंकेतलं युद्ध मे २००९ पर्यंत चाललं.

यातून भारत चूक एवढाच निष्कर्ष काढून थांबू नका. करारात काही चांगलंही होतं, तेराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या प्रांतिक परिषदा आजही श्रीलंकेच्या घटनेत आहेत आणि तमिळ पक्ष अजून त्याच दुरुस्तीची पूर्ण अंमलबजावणी मागतात. चूक कुठं झाली ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. माझ्या मते ती सह्यांच्या रकान्यात होती, जवानांच्या हिमतीत नव्हती.

बंदुका कुठं गेल्या, पगार कोण देतंय

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि निबंधात सगळ्यात कमी लोक ही लिहितात. लढाई थांबली की काही हजार, कधी काही लाख तरुण हातात हत्यार, खिशात पैसे नाहीत, दुसरं कुठलं काम येत नाही अशा अवस्थेत मोकळे होतात. त्यांचं काय केलं ते शोधा.

इराकमधे मे २००३ ला अमेरिकन प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन ऑर्डर काढल्या, पहिलीने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढलं आणि दुसरीने अख्खं इराकी सैन्यच बरखास्त केलं. काही लाख माणसं एका फटक्यात घरी, कुटुंबं रस्त्यावर, आणि हत्यार कुठं पुरलंय ते त्यांना माहीत. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही, पलटणीची नोकरी आणि पेन्शन म्हणजे घरात काय असतं ते आपल्याला माहिती आहे. त्यातले बरेच पुढं बंडात गेले, आणि जून २०१४ ला मोसुल घेणाऱ्या आयसिसमधे सद्दामच्या काळचे अधिकारी होते.

याच्या उलट सिएरा लिओन. १९९१ पासून यादवी, लहान पोरांच्या हातात बंदुका, लोकांचे हात तोडणं, हिऱ्यांच्या पैशावर चाललेलं युद्ध. मे २००० मधे बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे ५०० शांतिसैनिक पकडून ठेवले, आपले गुरखा पलटणीचे जवान कैलाहुनला वेढ्यात अडकले आणि जुलैमधे ऑपरेशन खुकरी करून त्यांना सोडवलं. तोपर्यंत ते मिशन बुडालं असंच सगळे म्हणत होते. पण ब्रिटनने स्वतःचं सैन्य उतरवलं, संयुक्त राष्ट्रांनी फौज वाढवत १७,००० च्या पुढं नेली, आणि नंतर जे केलं ते बघा: ७०,००० पेक्षा जास्त लढणाऱ्यांकडून हत्यारं घेतली, त्यांना बदल्यात पैसे आणि काम शिकवणं दिलं, पोलिस नव्याने उभे केले, भागाभागाने जबाबदारी त्यांच्याकडे दिली. २००२ ला युद्ध संपलं, २००७ ला विरोधी पक्ष निवडणूक जिंकला आणि सत्ता शांतपणे बदलली. देश गरीब आहे अजून, पण यादवी परत पेटलेली नाही.

पगाराचं पण तसंच. सोव्हिएत संघाचं सैन्य फेब्रुवारी १९८९ ला अफगाणिस्तानातून निघालं, सगळ्यांना वाटलं तिथले राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला महिनाभरात पडतील, ते तीन वर्षं टिकले, कारण मॉस्कोहून पैसा, धान्य, इंधन येत होतं. सोव्हिएत संघ मोडला, मदत थांबली, एप्रिल १९९२ ला सरकार गेलं. २०२१ ला तर कागदावर तीन लाखांची अफगाण फौज होती, त्यातली बरीच नावं नुसती पगारपत्रकावर, माणूस हजरच नाही, आणि विमानं दुरुस्त करणारे परदेशी कंत्राटदार निघून गेल्यावर विमानं पण जमिनीवर. १५ ऑगस्टला काबूल पडलं. वहीत लिहा की सैन्याचा पगार देशाच्या स्वतःच्या महसुलातून निघतो का बाहेरून येतो. बाहेरून येत असेल तर ती शांतता भाड्याच्या घरात राहतीये.

शेजाऱ्यांचं थोडक्यात सांगतो, नकाशा उघडा आणि सीमेपलीकडं हरलेल्याला लपायला, पोटभर जेवायला आणि दारूगोळ्याला जागा आहे का बघा. तालिबानला पाकिस्तानात होती. सिएरा लिओनच्या बंडखोरांना शेजारच्या लायबेरियाचा अध्यक्ष चार्ल्स टेलर याचा आधार होता, तो तुटल्यावरच फरक पडला, पुढं त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली. बोस्नियाच्या १९९५ च्या डेटन करारावर सर्बिया आणि क्रोएशियाच्या अध्यक्षांच्या पण सह्या आहेत, म्हणजे आग लावणाऱ्या शेजाऱ्यांनाच टेबलावर बसवलं होतं.

न गेल्याचा हिशोब

इथं मला त्या दुसऱ्या गटाचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. एप्रिल १९९४ मधे रवांडात कत्तल सुरू झाली तेव्हा संयुक्त राष्ट्रांची फौज तिथं होती, आणि सुरक्षा परिषदेने ती वाढवायच्या ऐवजी २७० माणसांवर आणायचं ठरवलं. शंभर दिवसात सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. जगाने मोजदाद केली पण थांबवायला वेळेत कुणी गेलं नाही. जुलै १९९५ ला स्रेब्रेनिकात डच शांतिसैनिक होते, गावाला सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलं होतं, तरी आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले, कारण तैनाती होती पण लढायचा हुकूम आणि ताकद नव्हती. अर्धवट जाणं हे न जाण्यापेक्षा वाईट होऊ शकतं, लोक आपल्या भरवशावर तिथं थांबतात.

आणि अवघड उदाहरण हवं असेल तर कंबोडिया घ्या. डिसेंबर १९७८ च्या शेवटी व्हिएतनामचं सैन्य घुसलं, ७ जानेवारी १९७९ ला पोल पॉटची राजवट गेली. ती राजवट जितकी भयानक होती तितकी क्वचितच कुठली असेल, तिच्या चार वर्षांपेक्षा कमी काळात पंधरा लाखांच्या वर माणसं मेली. व्हिएतनाम स्वतःच्या फायद्यासाठी गेला होता, दहा वर्षं तळ ठोकून बसला, जगाने निषेध केला आणि संयुक्त राष्ट्रात खुर्ची ख्मेर रूज, म्हणजे पोल पॉटच्याच पक्षाकडे राहिली. शांतता करार व्हायला १९९१ उजाडलं. मग ही फौज जायला हवी होती का नव्हती? मी पोरांना सांगितलं की यावर हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देऊ नका. कत्तल थांबली का, हो. शांतता आली का, बारा वर्षं नाही. ही दोन वेगळी उत्तरं वहीत दोन वेगळ्या ओळीत लिहा आणि तशीच राहू द्या.

एका वर्षाने, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी

देश निवडल्यावर हस्तक्षेप झाल्याच्या तारखेपासून एक, पाच, दहा आणि वीस वर्षांवर खुणा करा आणि प्रत्येक खुणेपाशी काय चाललं होतं ते दोन ओळीत लिहा. लिबियाचं बघा, मार्च २०११ ला सुरक्षा परिषदेचा ठराव १९७३ आला, भारत तटस्थ राहिला, ऑक्टोबरमधे गद्दाफी मारला गेला आणि एका वर्षाच्या खुणेपाशी हे यश वाटतं, निवडणूक सुद्धा झाली होती. पाच वर्षांच्या खुणेपाशी दोन सरकारं आणि शेकडो टोळ्या, आणि तिथली हत्यारं वाळवंटातून मालीत पोचलेली. बोस्नियात वीस वर्षांच्या खुणेपाशी युद्ध नाही, पण तीन जणांचं अध्यक्षपद, कामं अडलेली, आणि परदेशी फौज लहान झालेली असली तरी अजून तिथंच. पूर्व तिमोरमधे १९९९ ला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली फौज गेली, २००२ ला देश स्वतंत्र झाला, २००६ ला परत गोंधळ होऊन परत फौज बोलवावी लागली, आणि २०१२ च्या शेवटी संयुक्त राष्ट्रं निघाली त्यानंतर देश स्वतःच्या पायावर आहे. म्हणजे एकदा पडला, उठला.

कुणीतरी जपान आणि जर्मनीचं उदाहरण देणारच, स्पर्धेत तर हमखास. तयारी ठेवा. जपानमधे सम्राट ठेवला, नोकरशाही ठेवली, कुळांना जमिनी दिल्या, शिकलेला आणि कारखाने चालवता येणारा समाज होता, आणि मुख्य म्हणजे आतली यादवी नव्हती, हरलेलं एक राष्ट्र होतं. १९५२ ला ताबा संपला. हे सगळं काबूलमधे नव्हतं, त्यामुळं तिथं जमलं म्हणून इथं जमेल हे म्हणणं चालणार नाही.

इराकसाठी मात्र वीस वर्षांची खूण पुरत नाही, शंभर वर्षं मागं जा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाला गेला असाल तर पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले हे तिथल्या स्मारकावरून कळतं. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे लढल्या, तिथल्या कूत गावच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. मार्च १९१७ ला बगदाद घेतल्यावर इंग्रज जनरल मॉडने जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला नाही, तुम्हाला मोकळं करायला आलोय. तीन वर्षांनी, १९२० ला, सगळा मुलूख इंग्रजांविरुद्ध उठला. १९२१ ला त्यांनी बाहेरून आणून फैसलला राजा केलं, आणि १४ जुलै १९५८ ला त्याच्या नातवाला, दुसऱ्या फैसलला, बगदादच्या राजवाड्यात ठार मारलं. २००३ ला परत कुणी मोकळं करायला आलं तेव्हा इराकी माणसाच्या कानावर हे शब्द दुसऱ्यांदा पडत होते. कोरेगाव, अपशिंगे, कराडकडच्या पोरांनी तरी इराकवर बोलताना हे विसरू नये, आपली माणसं पण त्या वाळूत आहेत.

आता मत लिहा

एवढं झालं की मत बनवा आणि घाबरू नका. माझं मत सांगतो. बाहेरची फौज कत्तल थांबवू शकते, वेळ मिळवून देऊ शकते, आणि कधीकधी तेवढंच लाखो जिवांचं असतं, त्यासाठी जायला हवं. पण तो वेळ वापरून राज्य बांधणं हे काम तिथल्याच लोकांना करावं लागतं आणि फौज ते त्यांच्याऐवजी करायला लागली की ते लोक बाजूला होतात. आपल्या सातारा-सांगलीत १९४३ नंतर प्रतिसरकारने गावोगाव तंटे मिटवले, न्याय दिला. त्यात जबरदस्ती पण होती, ते लपवायला नको, तरी लोकांनी तो न्याय मानला कारण निवाडा करणारा त्याच पंचक्रोशीतला होता, उद्या परत त्याच पारावर भेटणारा होता. परदेशी कॅप्टन कितीही भला असला तरी त्याची बदली होते.

लिहिताना एवढं सांभाळा: वाक्यात फौज, काम, वर्ष आणि कारण चारही आलं पाहिजे. 'हस्तक्षेप अपयशी ठरतो' असं लिहू नका. '२००३ ला इराकमधे सैन्य बरखास्त केल्यामुळं बंडाला तयार माणसं मिळाली' असं लिहा.

शेवटची पायरी, चार्ज

आपल्याकडे तलाठ्याची बदली होवो नाहीतर मुख्याध्यापकाची, चार्ज दिल्याशिवाय माणूस सुटत नाही. तोच प्रश्न फौजेला विचारायचा. १२ मार्च १९७२ ला ढाक्याच्या स्टेडियममधे भारतीय सैन्याची निरोपाची परेड झाली, सलामी शेख मुजीब यांनी घेतली, युद्ध संपल्याला तीन महिने पण झाले नव्हते. पुढं १९७५ ला मुजीबांची हत्या झाली, लष्करी राजवटी आल्या, तो देश सुखाने नांदला असं नाही, पण चार्ज घेणारा माणूस तिथलाच, लोकांनी निवडलेला होता, आणि देश टिकला. जुलै २०२१ ला अमेरिकेने काबूलजवळचा बग्रामचा हवाई तळ रात्रीतून सोडला, आणि तिथल्या अफगाण अधिकाऱ्यांनी सांगितलं की ते गेल्याचं आम्हाला नंतर कळलं.

तुमच्या गावात शांतिसेनेत, काँगोत, सोमालियात, लेबनॉनला, सुदानला जाऊन आलेला कुणीतरी नक्की असेल, संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर भारताइतकी माणसं गमावलेला दुसरा देश नाही. त्यांच्याकडे जा. लढाईचं पहिल्यांदा विचारू नका, शौर्याचं तर नकोच, ते अवघडतात. चहा होऊ दे, शेतीचं बोला, आणि मग विचारा की निघताना तुमची पोस्ट तुम्ही कुणाच्या ताब्यात दिली. उत्तर आलं की लगेच काही बोलू नका, लिहून घ्या.

मी आण्णांना हे परवा विचारलं, इतक्या वर्षात पहिल्यांदा. ते अंगणात शेंगा निवडत होते, हात थांबला नाही. म्हणाले, "कुणाच्या म्हंजे? घ्यायलाच कोन नव्हतं. वाळूच्या गोणी तशाच ठिवल्या. गाडीत बसलो आन मागं बगितलं तर दुसरी पोरं बंदुका घिऊन त्याच गोणींमागं येऊन बसल्याली. आमच्या नाईकाचं रगत बी धुतलं नव्हतं त्यावरचं."